बाटली भरणीच्या लाईनला इनफीड कोणतं घ्यावं: टर्नटेबल, वर्म की अनस्क्रॅम्बलर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीत शेंगदाणा आणि सरकीच्या तेलाचं पॅकिंग युनिट आहे. सहा हेडचं लिनियर फिलर आहे, म्हणजे एका ओळीतल्या सहा बाटल्या एकदम भरणारं मशीन. पेट प्लास्टिकच्या बाटल्या तीन मापांत: १ लिटर गोल (व्यास ८४ मिमी), ५०० मिली गोल (६८ मिमी) आणि २०० मिली चौकोनी (बाजू ४८ मिमी). सध्या दोन हेल्पर पोत्यातून बाटल्या काढून कन्व्हेयरच्या चेनवर हाताने उभ्या करतात. बाटल्या पडतात, फिलरच्या तोंडाशी अडकतात आणि एक माणूस दिवसभर पडलेल्या बाटल्या उचलतो. एक सप्लायर ९०० मिमीचं टर्नटेबल (फिरती तबकडी) घ्या म्हणतो, दुसरा वर्म (बाटल्यांत अंतर पाडणारा स्क्रू) लावा म्हणतो, तिसरा थेट अनस्क्रॅम्बलरचं (बाटल्या आपोआप उभ्या करणाऱ्या मशीनचं) कोटेशन देतो. इनफीडला, म्हणजे बाटल्या ओळीने फिलरपर्यंत आणायला, काय घ्यावं?

आधी निर्णय सांगतो. १ लिटर आणि ५०० मिलीसाठी १२०० मिमीचं टर्नटेबल घ्या, त्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) हवाच. २०० मिली चौकोनीसाठी टर्नटेबल वापरू नका, तिच्यासाठी सरळ लोडिंग कन्व्हेयर ठेवा. वर्मची गरज नाही. अनस्क्रॅम्बलर या वेगाला परवडणार नाही. पण यातलं काहीही विकत घेण्याआधी बाटली तपासा. इनफीडच्या निम्म्या तक्रारी बाटलीच्या बुडातून येतात आणि दोष मशीनला दिला जातो.

बाटली

पंधरा किलोचा डबा भरायचा तेव्हा हा प्रश्नच नव्हता, डबा काही कलंडत नाही. रिकामी पेट बाटली वजनाला २०-३० ग्रॅम. त्यातही बरंचसं प्लास्टिक मानेत आणि खांद्यात, म्हणून तिचा गुरुत्वमध्य अर्ध्या उंचीच्या वर असतो. आणि ती टेकते संपूर्ण बुडावर नाही, फक्त कडेच्या गोल कंगोऱ्यावर. ८४ मिमीच्या बाटलीचं टेकण्याचं वर्तुळ ६५-७० मिमीच भरतं. कॅटलॉगमधला व्यास स्थिरतेसाठी उपयोगाचा नाही, टेकण्याचा व्यास मोजा.

मोजायची सोपी रीत आहे. एक मीटर लांबीची सपाट फळी घ्या. खालच्या टोकाजवळ दोन मिमी जाडीची पट्टी चिकटवा, म्हणजे बाटली घसरणार नाही. पट्टीला टेकवून रिकामी बाटली उभी करा आणि दुसरं टोक हळूहळू उचला. टोक १७४ मिमी वर गेलं की उतार १० अंशांचा होतो. तोपर्यंत बाटली उभी राहिली तर साध्या इनफीडवर ती चालेल. त्याआधी, म्हणजे ७-८ अंशांतच कलंडली, तर कुठलंही टर्नटेबल आणा, ती पडणारच. मग गाईड, म्हणजे बाटलीला दोन्ही बाजूंनी सांभाळणाऱ्या पट्ट्या, दोन पातळ्यांवर लावावे लागतात, एक बुडाजवळ आणि एक गुरुत्वमध्याच्या थोडं वर. ही चाचणी प्रत्येक मापाच्या वीस-वीस बाटल्यांवर करा, एकीवर नाही.

दुसरी चाचणी काचेची. जाड काचेचा तुकडा टेबलावर सपाट ठेवा, बाटली त्यावर उभी करा आणि मानेला बोटाने हलकी टिचकी मारा. नीट बाटली एकदा हलून थांबते. बूड फुगलेली बाटली भोवऱ्यासारखी डोलत राहते. खाली वाकून बघितलं तर मधला भाग काचेला टेकलेला आणि कडेखाली फट दिसते. अशी बाटली चेनच्या प्रत्येक जोडावर नाचते.

आपल्याकडे हा दोष एप्रिल-मेमध्ये वाढतो. पेट ७०-७५ अंशांच्या आसपास मऊ होतं, पण त्याच्या बरंच आधीपासून ते आकसायला लागतं. जळगाव-भुसावळला बाहेर ४५ अंश असताना ताडपत्रीखालच्या ट्रकमध्ये किंवा पत्र्याच्या छताला भिडलेल्या थप्पीत तापमान किती चढत असेल याचा विचार करा. फेब्रुवारीत नीट चाललेली लाईन मेमध्ये बिघडली, तर मशीनचा स्क्रू फिरवण्याआधी बाटल्या कुठे ठेवल्या होत्या ते बघा. पोती छतापासून दूर, सावलीत आणि कमी थरांत ठेवा. वरच्या वजनाने खालच्या पोत्यातल्या बाटल्या अंडाकृती होतात, आणि अंडाकृती बाटली गाईडमध्ये हमखास अडते.

फिलरला नेमकं काय लागतं

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. १ लिटरला मिनिटाला ४० बाटल्या, बाटली ८४ मिमी, म्हणजे ४० गुणिले ८४, मिनिटाला साधारण ३.४ मीटर. चेन ४-५ मीटरने चालवली की झालं, असं वाटतं. पण तुमचं फिलर बाटल्या एकेक घेत नाही, सहाची खेप घेतं. ४० चा वेग म्हणजे सहा बाटल्यांना ९ सेकंद. त्यात ६ सेकंद भरायला जातात. उरलेल्या ३ सेकंदांत भरलेल्या सहा बाहेर आणि रिकाम्या सहा आत यायला हव्यात. सहा बाटल्या म्हणजे ५०४ मिमी. हे अंतर ३ सेकंदांत कापायचं तर चेनचा वेग मिनिटाला १० मीटर लागतो, सरासरीच्या तिप्पट.

चेन ५ मीटरने चालवली तर आत-बाहेर करण्यातच ६ सेकंद जातात, फेरी १२ सेकंदांची होते आणि ४० ऐवजी ३० बाटल्या निघतात. मग मालक फिलरवाल्याला फोन करतो, फिलरवाला नोझलचा वेग वाढवतो, तेल फेसाळतं आणि उतू जातं. दोष मात्र इनफीडच्या वेगाचा असतो.

२०० मिलीचा हिशेब वेगळा. भरायला अडीच सेकंद, हलवायला अडीच, म्हणजे ५ सेकंदांची फेरी आणि मिनिटाला ७२ बाटल्या. चेनचा वेग ७ मीटर पुरतो, पण बाटल्या उभ्या करणाऱ्या हातांवर ताण जवळजवळ दुप्पट पडतो. तुमच्या लाईनची खरी कसोटी १ लिटरची नाही, या छोट्या चौकोनी बाटलीची आहे. सप्लायरला ‘४० चा स्पीड’ एवढंच सांगितलं असेल तर त्याने चुकीच्या मापावर कोटेशन दिलेलं आहे.

टर्नटेबल

टर्नटेबलचं काम दोन प्रकारचं: बाटल्या एका ओळीत आणणं, आणि हेल्परला श्वास घ्यायला वेळ देणं. दुसरं काम व्यासावर ठरतं. बाटलीने व्यापलेला चौरस धरून, एकूण जागेच्या ७० टक्केच वापरता येते असं माना. ९०० मिमीच्या तबकडीवर १ लिटरच्या साठ-बासष्ट बाटल्या राहतात, म्हणजे दीड मिनिटाचा साठा. १२०० मिमीवर ११० च्या आसपास, म्हणजे पावणेतीन मिनिटं. नवं पोतं ओढून आणायचं, तोंड सोडायचं, चेपलेल्या बाटल्या बाजूला काढायच्या, यात मिनिट-दीड मिनिट सहज जातं. ९०० वर तेवढ्यात फिलर उपाशी राहतं. व्यासातला ३०० मिमीचा फरक किमतीत फार नसतो, कामात मात्र रोज जाणवतो.

आता वेग. तबकडीच्या कडेचा वेग चेनच्या वेगाइतका किंवा किंचित जास्त हवा, इतकंच. १२०० मिमीची कड एका फेऱ्यात ३.७७ मीटर जाते. चेन १० मीटरने चालत असेल तर ३ आरपीएम (मिनिटाला ३ फेरे) भरपूर झाले. बाजारात तयार मिळणारी टर्नटेबलं बऱ्याचदा १० आरपीएमची असतात, म्हणजे कडेचा वेग जवळजवळ ३८ मीटर. तबकडी चेनच्या चौपट वेगाने बाटल्या तोंडाशी आणून आपटते. त्या पडतात ते इथे. ऑर्डर देताना लिहून द्या: ५० हर्ट्झला ६ आरपीएम, व्हीएफडीवर २५ हर्ट्झला ३. गिअरबॉक्स १० आरपीएमचाच ठेवून व्हीएफडीने १५ हर्ट्झवर दिवसभर चालवू नका. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तो मंद झाला की थंडावा संपतो, आणि मेमधल्या शेडमध्ये मोटर जळायला निमित्तच लागतं.

व्हीएफडीत सुरू होण्याचा वेळ ३ ते ५ सेकंद ठेवा. नाहीतर लाईट जाऊन आली की तबकडी झटक्याने सुटते आणि उभ्या असलेल्या शंभर बाटल्या एका दमात आडव्या होतात. त्याहून चांगलं म्हणजे लाईट आल्यावर ती आपोआप सुरूच होऊ नये, ऑपरेटरने बटण दाबावं.

सगळ्यात नाजूक जागा तबकडीच्या तोंडाची. फॅब्रिकेटर बहुतेक वेळा दोन पट्ट्या निमुळत्या करून नरसाळं बनवतो. नरसाळ्यात दोन बाटल्या एकाच वेळी पोचल्या की एकमेकींना खांदा देऊन कमान करतात. मागून जितका रेटा येईल तितकी कमान पक्की. हेल्पर काठीने ढोसतो, कमान सुटते, तीन बाटल्या पडतात. म्हणून आतली पट्टी बंद टोकाची नसावी. जी बाटली ओळीत बसली नाही ती पट्टीच्या पाठीवरून घसरून पुन्हा तबकडीच्या मध्याकडे जायला वाट हवी. ती फिरून येईल, पुढच्या फेरीत बसेल. तोंडाची रुंदी बाटलीच्या व्यासापेक्षा ३ ते ५ मिमी जास्त, त्याहून नको. रुंदी व्यासाच्या सव्वापट-दीडपट झाली की बाटल्या दोन ओळींत नागमोडी चालायला लागतात आणि पुढे कुठेतरी पाचर बसते.

तबकडीवरून चेनवर जाताना चेन अर्धा ते एक मिमी खाली असावी, कधीच वर नको. दोघांमधली फट ३-४ मिमीपेक्षा जास्त असेल तर मध्ये डेड प्लेट, म्हणजे न हलणारी पट्टी, लागते. ती जितकी अरुंद तितकी बरी, बाटलीच्या टेकण्याच्या व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. रुंद डेड प्लेटवर बाटली मागून धक्का मिळेपर्यंत उभी राहते, आणि शेवटची बाटली तर तिथेच मुक्काम करते.

चौकोनी बाटली वेगळी का

गोल बाटली फिरली तरी गोलच राहते. चौकोनी बाटली तबकडीवर कोपरा पुढे करून येते. ४८ मिमीच्या बाटलीचा कर्ण, कोपरे गोलसर धरूनसुद्धा, ६० च्या पुढे जातो. गाईडमधलं अंतर ५१ ठेवलं तर ती तोंडातच अडते. ५६ ठेवलं तर आत शिरते, दहा-अकरा अंश तिरपी होते आणि दोन्ही पट्ट्यांत कोपरे रुतवून बसते. म्हणून तिच्यासाठी तबकडी बंद ठेवा. दोन मीटर लांब लोडिंग चेन, दोन्ही बाजूंना एकेक हेल्पर, कंबरेच्या उंचीवर बाटल्यांचा ट्रे. गाईड ५० ते ५१ मिमीवर. मिनिटाला ७२ म्हणजे एका हेल्परला ३६, दोन्ही हातांनी एकेक धरली तर १८ खेपा. सलग आठ तास हे होणार नाही, दर तासाला जागा बदलून द्या.

चौकोनीचा दुसरा घोळ गेटवर होतो, म्हणजे फिलरच्या तोंडाशी रांग अडवून सहाच बाटल्या आत सोडतात तिथे. गोल बाटल्या एकमेकींना चिकटल्या तरी मध्ये खाच राहते, हवेवर चालणाऱ्या सिलिंडरची पिन त्या खाचेत शिरते आणि खेप थांबते. चौकोनी बाटल्यांचे सपाट अंग एकमेकांना भिडतात, खाच उरत नाही. पिन थेट बाटलीच्या पोटात जाते. तिथे पिनऐवजी बाजूने दाबणारा रबरी पॅड लावावा, तो मागची बाटली धरून ठेवतो आणि पुढच्या सहा निघून जातात. सिलिंडरच्या हवेला प्रेशर रेग्युलेटर लावून पॅडचा दाब हलका ठेवा, नाहीतर रिकामं पेट चेपतं.

चेन आणि मधलं अंतर

टर्नटेबल फिलरला चिकटवून बसवू नका. सहाच्या तीन खेपा, म्हणजे अठरा बाटल्या, १ लिटरला दीड मीटर जागा घेतात. एवढी रांग गेटच्या मागे कायम उभी हवी. त्यासाठी दोन सेन्सर लावा. एक गेटपासून सहाव्या बाटलीच्या थोडं मागे: तिथे बाटली नसेल तर फिलरने पुढची फेरी घेऊ नये. दुसरा अठराव्या बाटलीपाशी: रांग तिथपर्यंत आली आणि दोन-तीन सेकंद हलली नाही की तबकडी थांबावी. चेन थांबवायची नाही, तबकडी थांबवायची. चेन खालून सरकत राहते, बाटल्यांवर थोडाच दाब येतो. तबकडी रेटत राहिली तर दाब वाढून बाटल्या अंडाकृती होतात आणि रांगेच्या मधूनच उडून बाहेर पडतात.

सेन्सर साधा घेऊ नका. पारदर्शक पेटमधून प्रकाश आरपार जातो, साध्या सेन्सरला बाटली दिसत नाही. पारदर्शक वस्तूंसाठीचा रिफ्लेक्टरवाला सेन्सर मागा, आणि रिफ्लेक्टर रोज पुसा. तेलाचा पातळ थर बसला की तो खोटं बोलायला लागतो.

स्लॅट चेन, म्हणजे सपाट पट्ट्यांची चेन, ८२.५ मिमी रुंदीची तिन्ही मापांना चालेल, १ लिटरचं टेकण्याचं वर्तुळ तीत बसतं. रिकाम्या बाटलीच्या भागात पीओएम म्हणजे अ‍ॅसिटलची चेन घ्या, घर्षण कमी आणि आवाजही कमी. मोटर नेहमी चेनच्या पुढच्या टोकाला हवी, चेन ओढली गेली पाहिजे, ढकलली नाही.

तेलाच्या लाईनवर एक गोष्ट आवर्जून करा: इनफीडची चेन आणि फिलरखालची चेन वेगळी ठेवा. एकच लांब चेन स्वस्त पडते खरी, पण नोझलमधून गळलेलं तेल चेनवर पडतं, चेन खालून वळसा घालून ते तेल थेट इनफीडला आणते. रिकामी बाटली तेलकट चेनवर घसरते, पुढे सरकत नाही, आणि तेलावर धूळ बसून काळा लगदा होतो. दोन चेन ३००-४०० मिमी शेजारी-शेजारी चालवून गाईडने बाटली एकीवरून दुसरीवर सरकवावी. ही जोडणी डेड प्लेटपेक्षा कितीतरी भरवशाची.

चेन झटके खात चालू लागली तर वीस जोड मोजा. ३८.१ मिमी पिचच्या (जोड ते जोड अंतराच्या) नव्या चेनचे वीस जोड ७६२ मिमी भरतात. ७८५ च्या आसपास गेले, म्हणजे ३ टक्के ताण आला, की चेन बदलायची. एखादी कडी काढून काम भागवू नका, स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ओढणाऱ्या चाकाचे, दात खाल्ले जातात.

गाईडच्या पांढऱ्या प्लास्टिक पट्टीबद्दल खानदेशात जास्तच काळजी घ्यावी लागते. ती यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनची असते, आणि हे प्लास्टिक लोखंडापेक्षा दहा पटीहून अधिक प्रसरण पावतं. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना कापून घट्ट बसवलेली ३ मीटरची पट्टी मेमध्ये १५ ते २० मिमी लांबते. जायला जागा नसली की ती सापासारखी वळते आणि ५१ चं अंतर कुठे ४७, कुठे ५५ होतं. पट्टी फक्त बाटली येते त्या टोकाला पक्की करा, बाकी बोल्ट लांबट भोकांत ठेवा, आणि दोन पट्ट्यांचा जोड ४५ अंशांत तिरका कापून २० मिमी फट सोडा.

वर्म आणि अनस्क्रॅम्बलर

वर्म, म्हणजे मळसूत्री खाचांचा प्लास्टिक स्क्रू, बाटल्यांमध्ये नेमकं अंतर पाडतो. एका फेऱ्यात एक बाटली. स्टार व्हीलच्या रोटरी मशीनला तो लागतोच, कारण बाटली चाकाच्या खोबणीत ठरल्या क्षणी पोचली पाहिजे. तुमच्या फिलरला बाटल्या चिकटून हव्यात, अंतर पाडून नकोत. शिवाय प्रत्येक मापाला वेगळा वर्म, म्हणजे तीन. उद्या रोटरी कॅपर (झाकण लावणारं मशीन) घेतला तर त्याच्या तोंडाशी घ्या, आणि टॉर्क लिमिटर क्लचसकट घ्या. क्लच नसलेला वर्म पडलेल्या बाटलीला चिरडूनच थांबतो.

अनस्क्रॅम्बलर पोतंभर बाटल्या हॉपरमध्ये ओतल्या की स्वतः उभ्या करतो. मिनिटाला शंभराच्या वर, एक-दोनच मापं, दोन शिफ्ट रोज, आणि कॉम्प्रेसरची हवा कोरडी व अखंड असेल तर तो पैसे वसूल करतो. किंमत टर्नटेबलच्या कित्येक पट, आणि प्रत्येक मापाला चेंज पार्ट, म्हणजे बदलायचे वेगळे भाग. तीन मापं आणि ४० ते ७२ चा वेग असताना तोच पैसा सेन्सर, वेगळी चेन आणि बाटल्यांच्या सावलीच्या गोदामात घाला. जागा आखताना मात्र, पुढे कधी अनस्क्रॅम्बलर बसवता यावा म्हणून, टर्नटेबलमागे तीन मीटर मोकळे सोडा.

धूळ आणि स्थिर वीज

बाटलीचं तोंड उघडं असतं आणि शेजारी दाल मिल किंवा जिनिंग असेल तर हवेत भुसा-तंतू असतातच. तबकडीवर अ‍ॅक्रिलिकचं झाकण आणि लोडिंगची जागा बंद खोलीत हवी. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पेटवर स्थिर वीज साठते, बाटल्या एकमेकींना चिकटतात आणि धूळ ओढून घेतात. तबकडीवर स्थिर वीज घालवणारा आयनायझर बार लावा, सगळ्या फ्रेमला नीट अर्थिंग द्या.

ऑर्डर देताना

तिन्ही मापांच्या तीन-तीनशे बाटल्या, तुमच्याच नेहमीच्या पुरवठादाराच्या, मशीन बनवणाऱ्याकडे पाठवा. त्यांच्या शेडमध्ये प्रत्येक माप पूर्ण वेगाने अर्धा तास चालवून घ्या, त्याच बाटल्या फिरवून. हजारात एकापेक्षा जास्त पडली तर माल उचलू नका. चाचणीत तबकडी दहा वेळा मुद्दाम बंद-चालू करा, आणि एक बाटली मुद्दाम आडवी टाकून बघा ती कुठे अडकते. आडव्या बाटलीला चेनच्या कडेवरून खाली पडायला एक जागा ठेवायची असते, फिलरच्या गेटआधी, खालची गाईड पट्टी तेवढ्यापुरती कापून.

गाईडच्या प्रत्येक नॉबला मिमीची पट्टी लावून घ्या. ८४, ६८ आणि ४८ च्या बाटलीला कोणत्या नॉबवर कोणतं रीडिंग, ते पॅनलच्या दाराच्या आत पेंटने लिहा. ते नसेल तर माप बदलताना प्रत्येक ऑपरेटर डोळ्याने अंदाज घेतो आणि पहिला अर्धा तास बाटल्या उचलण्यात जातो.